घडणावळ

सराफाच्या दुकानी जुना दागिना मोडीत घालण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस पुढील अनुभव नवा वाटणार नाही. दागिना काट्यावर चढतो. कसोटीवर त्याची रेघ उमटते. डाखाची व मळाची म्हणून काही घट वजा पडते. आणि जे शुद्ध सोने उरते, त्याची त्या दिवसाच्या भावाने किंमत हाती येते. तो दागिना करविताना मोजलेली घडणावळ मात्र या हिशोबात कोठेच नसते. ज्या सोनाराने कित्येक रात्री दिव्यापाशी मान वाकवून ते काम उतरविले, त्याच्या त्या रात्रींचे मोल शून्य धरले जाते. नवल हे की, या शून्याविषयी गिऱ्हाइकाची तक्रार नसते आणि सराफास संकोचही नसतो. ‘घडणावळ गेली’ हे शब्द आपण ‘पाऊस पडला’ या शब्दांइतक्याच सहजपणे उच्चारतो.

सोनाराची मजुरी आणि सोन्याची घट यांचा हिशोब आपल्याकडे फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या दोहोंविषयी नियम घालून दिलेले आढळतात. परंतु हिशोब प्राचीन आहे म्हणून त्यातील प्रश्न सुटला आहे, असे होत नाही. केलेले श्रम केल्याबरोबर संपतात काय? की ते वस्तूच्या ठायी कोठेतरी शिल्लक राहतात? आणि राहत असतील, तर ती वस्तू ज्याच्या हाती येते, तो त्या श्रमांचे काही देणे लागतो काय? आजच्या लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथांतून आला नाही. घरच्या कपाटातून आला. मातोश्रींचे वर्षश्राद्ध आटोपल्यावर आम्ही तिघे भावंडे, म्हणजे दादा, आम्ही आणि धाकटी बहीण, वाटणीस बसलो. घरात तंटा नव्हता, आणि तो होऊ नये अशीच प्रत्येकाची मनापासून इच्छा होती. अडचण साधीच होती. पाटल्या दोन आणि वाटेकरी तीन. मोहनमाळ एक. आजीच्या वेळची ठुशी एक. आणि ती आपल्याकडे यावी असे तिघांच्याही घरी वाटत होते, जरी ते कोणी बोलून दाखवीत नव्हते. तेव्हा तोड आम्हीच सुचविली. सगळे सोने आटवावे, त्याचे तीन सारखे भाग करावेत, म्हणजे कोणाच्या मनात किंतु उरणार नाही. ही सूचना सर्वांस इतकी न्याय्य वाटली की, तिच्यावर कोणी एक शब्दही बोलले नाही. सराफाच्या दुकानी मूस तापत असता बहिणीने मात्र ती ठुशी क्षणभर मागून घेतली, आरशापुढे उभी राहून गळ्याशी धरली, आणि परत दिली. तासाभरात तीन लगडी तयार झाल्या. त्यांत गुंजेचाही फरक नव्हता.

त्याच पेटीत एका जुन्या रेशमी कापडात गुंडाळलेले आजोबांचे खिशातले घड्याळ होते. ते त्यांनी मुंबईस जुन्या जिनसांच्या एका दुकानी घेतले होते, एवढेच घरात ऐकिवात होते. काळ्याभोर पोलादाची डबी, आणि तिच्या झाकणावर सोन्याची वेल. पाने पिवळ्या सोन्याची, देठ किंचित हिरवट छटेच्या सोन्याचे, आणि मधोमध डोळ्यात भरणार नाही इतका लहान एक पक्षी. सोने दिसले म्हणून आम्ही तेही सराफापुढे ठेवले. त्याने भिंग लावून पाहिले, नखाने वेलीची कड चाचपली, आणि डबी हलकेच आमच्याकडे सरकविली. तो म्हणाला, “साहेब, यातले सोने काढायला जो खर्च येईल, तेवढ्याचे सोने यात नाही. हे मोडीत निघत नाही. हे ठेवायचे.”

मोडीत निघत नाही! ज्या न्यायाने आम्ही तासाभरापूर्वी इतके समाधान पावलो होतो, तो न्याय या दोन इंची वस्तूपुढे लंगडा पडला. तिचे तीन भाग होईनात. मग ही वस्तू आहे तरी काय, हे पाहणे प्राप्त झाले.

घड्याळाच्या तबकडीवर स्वित्झर्लंडचे नाव आहे, आणि मागील झाकणाच्या आतल्या बाजूस एइबार हा शब्द. एइबार हे स्पेनच्या उत्तरेस, बास्क लोकांच्या मुलखातील एक लहान गाव. डोंगरांच्या खोबणीत वसलेल्या या गावाचा पिढीजात धंदा बंदुका करण्याचा. एकोणिसाव्या शतकात येथील सुलोआगा घराण्याने पोलादावर सोने बसविण्याच्या कलेस नवे जीवन दिले. वडील एउसेबियो हे स्पेनच्या राजघराण्याचे शस्त्रकार. त्यांचे चिरंजीव प्लासिदो सुलोआगा (१८३४–१९१०) यांनी ही कला बंदुकीच्या नळीवरून उतरवून पेट्या, फुलदाण्या, तबके आणि समाध्या यांवर नेली. १८७० च्या अखेरीस माद्रिदमध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांस बळी पडलेला सेनापती प्रिम, याच्या समाधीचे धातुकाम त्यांच्याच हातचे. आल्फ्रेड मॉरिसन या धनाढ्य इंग्रजाचा त्यांस मोठा आश्रय होता. त्यांचा मुलगा इग्नासिओ पुढे चित्रकार म्हणून जगभर नावाजला. पण लहानपणी त्यानेही बापाच्या कारखान्यात हातोडीच धरली होती. एइबारात या कामावर पोसलेली माणसे पुष्कळ झाली, तोलेदो शहरातही हा धंदा फोफावला, आणि अशा डब्यांत स्विस यंत्रे बसविलेली घड्याळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून श्रीमंतांच्या आणि हौशी मध्यमवर्गाच्या खिशांत दिसू लागली.

या कामाची रीत सांगण्याजोगी आहे. कारण आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तीतच दडलेले आहे. सोने पोलादाला डाखाने जोडीत नाहीत, की गोंदाने चिकटवीत नाहीत. कारागीर प्रथम पोलादाचा गुळगुळीत पृष्ठभाग तीक्ष्ण सुरीने ओरखडतो. एका दिशेने अगदी जवळजवळ बारीक रेघा. मग त्यांवर तिरप्या दुसऱ्या दिशेने. आणि पुष्कळदा तिसऱ्या दिशेनेही. नुसत्या डोळ्यांना तो पृष्ठभाग केवळ मळकट दिसतो. भिंगातून पाहिले असता तेथे सूक्ष्म दातांचे रान माजलेले असते. या रानावर सोन्याची केसासारखी तार किंवा पातळ पत्रा ठेवून तो हलक्या ठोक्यांनी दाबीत नेतात. मऊ सोने त्या दातांत शिरते आणि दात त्याला धरून ठेवतात. नंतर सबंध डबी क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवितात. त्याने पोलाद काळे पडते. सोन्याला काही होत नाही. शेवटी सोन्यावरून पुन्हा हात फिरवून पानांच्या शिरा, पक्ष्याची पिसे कोरून काढतात. गुळगुळीत पोलादावर सोने क्षणभरही टिकले नसते. ते टिकते ते केवळ त्या ओरखड्यांच्या आधाराने. आणि ते एवढे पातळ असते की, खरवडून काढू गेल्यास हाती चिमूटभर चूर्ण येते. वेल मात्र नाहीशी होते.

ही रीत एकट्या स्पेनची नव्हे. आपल्याकडे हिलाच कोफ्तगरी म्हणत आले आहेत. कोफ्तन म्हणजे फारसीत कुटणे. आपल्या पानात पडणारा कोफ्ता याच धातूपासून निघालेला, हे ऐकून पुष्कळांस मौज वाटेल. पंजाबात सियालकोट आणि गुजरात या गावांचे कारागीर तलवारींच्या मुठी आणि ढाली या कामाने सजवीत. १८४९ साली शीख राज्य बुडाले, शस्त्रांची मागणी आटली, आणि तेच हात तबके, दौती, डब्या यांकडे वळले. जपानातही हेच घडले. १८७६ साली सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी झाली, आणि तलवारीची मूठ मढविणारे क्योतोचे कसबी लोक पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी पेट्या आणि डब्या करू लागले. बिदरचे काम याहून वेगळे. तेथे मूळ धातू जस्त-तांब्याचा आणि बसवावयाची बहुधा चांदी. पण काळ्या अंगावर उजळ वेल उठविण्याची दृष्टी तीच. सारांश, या डबीच्या पाठीमागे जी विद्या उभी आहे, ती मुळात शस्त्राची विद्या आहे. राज्ये गेली, बंद्या आल्या, गिऱ्हाइके बदलली. हाताने आपले कसब सोडले नाही, फक्त त्याचे स्थान बदलले.

आता या घड्याळाच्या शेजारी त्याचेच अधिक श्रीमंत भावंड उभे करून पाहू. ज्यांस परवडत असे, ते अर्थातच सबंध सोन्याच्या डबीचे घड्याळ घेत. पोलादावरची वेल ही त्यांच्या दृष्टीने एक हौस; सोन्याची डबी ही ठेव. अडीनडीला कामास येईल असा सोन्याचा भरवसा. परंतु त्या भरवशानेच त्या घड्याळांचा घात केला. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसास ८५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत जुन्या घड्याळांच्या सोनेरी डब्या मोठ्या संख्येने वितळविल्या गेल्या. आतील यंत्रे, चांगली चालती यंत्रे, बिनघराची होऊन पडली. भाव चढला की तेच पुन्हा होते. पोलादी डबीच्या वाट्यास हा प्रसंग आला नाही. तिच्यात वितळविण्याजोगे काही नव्हतेच. जिच्यात द्रव्य अधिक ती नष्ट झाली, आणि जिच्यात घडणावळच काय ती होती ती वाचली. सराफाच्या हिशोबातील शून्यच येथे तारक ठरले.

यावरून सोने वाईट आणि लोखंड चांगले असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. तसे सांगणे सोपे आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. नेपोलियनशी लढण्यासाठी १८१३ साली प्रशियातील स्त्रियांनी आपले सोन्याचे दागिने सरकारास दिले आणि त्यांच्या बदली लोखंडाचे दागिने घेतले. ते लोखंड अंगावर मिरविणे हा त्या काळी मोठा मान होता. सोने अंगावर दिसणे ही लाज. पण तेथे मान होता तो लोखंडाचा नव्हे, दिलेल्या सोन्याचा. आपल्या घरांतूनही हे घडत आले आहे. मुलाच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडणारी आई, नवऱ्याच्या दुखण्यात मंगळसूत्राच्या वाट्यांखेरीज सर्व काही सराफाकडे पोचविणारी गृहिणी, यांची उदाहरणे ज्यास ठाऊक नाहीत असे मराठी कुटुंब विरळा. सोने मोडता येते हाच त्याचा मोठा गुण आहे. ज्या घडणावळीने एखादे पोर शिकून मोठे झाले, ती वाया गेली असे कोण म्हणेल?

मग आमच्या मनास ती तीन लगडींची बोच का लागावी? सोने आम्हीही मोडलेच. त्यात विशेष ते काय? यावर आम्ही पुष्कळ विचार केला, आणि आम्हांस जे उमगले ते असे. गरजेसाठी मोडणे आणि हिशोबासाठी मोडणे, ही दोन कृत्ये वरून सारखी दिसली तरी एक नव्हेत. गरजेसाठी मोडणारा मनुष्य त्या वस्तूहून मोठ्या अशा कशासाठी तरी तिचा त्याग करतो, आणि त्यागाची जाणीव त्याच्या ठायी जागी असते. हिशोबासाठी मोडणारा मनुष्य वस्तूचा त्याग करीत नसतो; ती मोजता येत नाही एवढ्याच अपराधासाठी तो तिला शिक्षा करीत असतो. आम्हां तिघांपैकी कोणासही त्या दिवशी सोन्याची गरज नव्हती. गरज होती ती एकमेकांशी बोलण्याची. ठुशी कोणी घ्यावी हे विचारण्यास जो थोडा संकोच गिळावा लागला असता, तो गिळण्यापेक्षा ठुशी आटविणे आम्हांस सोपे वाटले, आणि त्या सोपेपणास आम्ही न्याय असे नाव दिले.

येथे अर्थशास्त्राचा अभ्यासक आम्हांस थांबवील. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज पंडिताने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, एकदा खर्च झालेल्या श्रमांचा वस्तूच्या पुढील मोलाशी काही संबंध उरत नाही; जे झाले ते कायमचे होऊन गेले. मोल ठरते ते पुढे तिचा उपयोग काय यावरून. हाच जेव्हन्स तरुणपणी, १८५४ पासून १८५९ पर्यंत, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावण्याच्या नोकरीवर होता, ही गोष्ट मोठी सूचक आहे. ज्याने पाच वर्षे मुशीत पाहिले, त्याच्या सिद्धांतात घडणावळीस जागा नसावी, यात नवल नाही.

तथापि त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. एखाद्याने दहा वर्षे खड्डा खणला आणि तोच पुन्हा बुजविला, तर त्याच्या घामाबद्दल आपणांस कीव येईल. पण त्या जागेचे मोल वाढले असे कोणी म्हणणार नाही. नुसते श्रम म्हणजे मोल नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. किंबहुना बाजाराच्या प्रश्नास जेव्हन्सचेच उत्तर बरोबर आहे. बाजार विचारतो, ‘हिचे आता काय येईल?’ परंतु मनुष्याच्या मनात दुसराही एक प्रश्न उठतो: ‘हे मला कोणाकडून मिळाले?’ पहिल्याचे उत्तर भाव हे आहे. दुसऱ्याचे उत्तर ऋण हे आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन आपण नेहमी ऐकतो. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते माणसांस आश्रय व अन्न देऊन फेडावे असे म्हटले आहे. एइबारच्या ज्या हाताने हा पक्षी कोरला, त्याला आता अन्न देणे आमच्या हाती नाही. आजीची ठुशी घडविणाऱ्या सोनाराचे नावही घरात कोणास आठवत नाही. अशा ऋणाचा एकच हप्ता आपल्या हाती असतो, आणि तो म्हणजे त्यांनी जे केले ते विनाकारण नाहीसे न होऊ देणे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो नीतीच्याच बाजूने येतो. ज्या काळी अशा वेली कोरल्या जात होत्या, त्याच काळी जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हा घड्याळजी स्वित्झर्लंडात दुसऱ्याच गोष्टीचा ध्यास घेऊन बसला होता. मजुराच्या खिशात विश्वासाचे घड्याळ असावे, आणि ते वीस फ्रँकांत मिळावे! त्यासाठी त्याने यंत्रातील भाग कमी केले, डबी साध्या धातूची केली, नक्षीला रजा दिली, आणि १८६७ साली ते घड्याळ बाजारात आणले. आता कोणी विचारील की, वेळ तर दोन्ही घड्याळे दाखवितात. मग झाकणावरच्या पक्ष्यासाठी एका माणसाचे डोळे का शिणवावे? ज्या कारागिराने तो पक्षी कोरला, त्याला ते घड्याळ स्वतः विकत घेणे कधी परवडले असेल काय?

हा आक्षेप आम्ही नम्रपणे स्वीकारतो. रॉस्कॉफचे घड्याळ हे माणुसकीचे एक मोठे कृत्य होते, आणि दोहोंपैकी एकच जगात राहू शकले असते तर आम्ही त्याचेच नाव घेतले असते. पण या आक्षेपाचा रोख नीट पाहिला तर तो नक्षीवर नाही. तो नक्षीच्या मजुरीवर आहे. मेलेल्या कारागिराच्या नावाने उसासे टाकणे फार स्वस्त पडते. खरी परीक्षा जिवंत कारागिरापुढे असते, आणि तेथे आम्ही सर्वच उणे पडतो. आज वर्तमानपत्र उघडले की सराफांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत घडणावळीवर सूट दिलेली दिसते. सोन्याच्या भावावर सूट कोणी देत नाही, आणि कोणी मागतही नाही. घासाघीस व्हावयाची ती हाताच्या कामावर. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रण आणून चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली, तेव्हाही धोरण आखणाऱ्यांची नजर धातूवर होती. त्या धातूवर ज्यांचे हात चालत होते, अशा असंख्य सोनारांची चूल त्या हुकुमाने विझली. तो कायदा १९९० साली रद्द झाला. परंतु धातू मोजावा आणि हात विसरावा, ही आपली दृष्टी कोणत्याही कायद्याने आणलेली नव्हती, आणि म्हणून ती कायद्याबरोबर गेलीही नाही. जुन्या वेलीचे कौतुक करणाराने शिलाईवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घातली, तर त्याचे कौतुक खोटे समजावे. हे आम्ही दुसऱ्यांस उद्देशून लिहीत नाही.

घड्याळ बंद होते. आम्ही ते शहरातील एका वृद्ध घड्याळजीकडे नेले. ते म्हणाले, तेल सुकून घट्ट झाले आहे, बाकी यंत्र निरोगी आहे. मागचे झाकण उघडून त्यांनी भिंग आमच्या हाती दिले. झाकणाच्या आतल्या बाजूस, कारखान्याच्या नावाच्या आसपास, सुईने ओरखडल्यासारखी चारपाच ठिकाणी इवली अक्षरे आणि आकडे होते. ते म्हणाले, “ज्याने ज्याने हे घड्याळ पूर्वी उघडून दुरुस्त केले, त्याची ही खूण. आमच्यात रीतच आहे.” तेव्हा आम्हांस आणखी एक गोष्ट कळली. बाहेरची वेल ज्याने कोरली त्याच्यानंतर, कोणकोणत्या गावी कोण जाणे, चारपाच माणसांनी हे यंत्र खोलले, पुसले, तेल घातले आणि पुन्हा चालते केले. आतील चक्र दर तासास अठरा हजार वेळा इकडून तिकडे झुलते. दिवसाकाठी चार लक्ष बत्तीस हजार. एवढे हेलकावे खाणारी वस्तू कोणाच्या काळजीवाचून शंभर वर्षे टिकत नाही. म्हणजे घडणावळ ही एकदाच मोजावयाची रक्कम नव्हेच. कारागीर तिचा पहिला भाग घालतो. नंतर ज्याच्या ज्याच्या हाती वस्तू येते, त्याला आपला भाग घालावा लागतो. ज्या दिवशी असा कोणी उरत नाही, त्या दिवशी पोलादावर गंज चढू लागतो आणि तो आतून सोन्याला उचलून टाकतो. सोन्याची लगड तिजोरीत शंभर वर्षे एकटी राहू शकते. हे घड्याळ तसे राहू शकत नाही. ज्याला मालक असला म्हणजे पुरते, असे द्रव्य. आणि ज्याला सांभाळणारा लागतो, अशी वस्तू. आम्ही आईची मालमत्ता वाटून घेतली होती. तिने सांभाळलेले काय होते, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारले नव्हते.

घड्याळ चालू झाल्यावर आम्ही दादांना आणि बहिणीला बोलाविले, आणि जे वाटणीच्या दिवशी बोलावयाचे राहिले होते ते या खेपेस बोललो. ठरले ते असे की, घड्याळ एकेक वर्ष एकेकाच्या घरी राहावे, आणि दसऱ्याच्या दिवशी पुढच्याच्या हाती द्यावे. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो, आणि आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांस देतो. तेव्हा तो दिवस योग्यच वाटला. ज्याच्या घरी ते असेल त्याने रोज रात्री ठराविक वेळी चावी द्यावी, पावसाळ्यात ते कोरड्या फडक्यात ठेवावे, आणि घामट हाताने झाकणास स्पर्श करू नये, एवढे नियम घड्याळजींनी घालून दिले. पहिले वर्ष दादांनी नेले; दुसरे आमच्याकडे होते. रोज रात्री चावी देण्याचा प्रथम आम्हांस कंटाळा आला, हे कबूल केले पाहिजे. पुढे पुढे तो कंटाळा गेला, आणि चावी देता देता दादांना एखादे पत्र लिहावयाचे राहिले आहे, बहिणीची विचारपूस करावयाची राहिली आहे, हे आठवू लागले.

गेल्या दसऱ्यास घड्याळ बहिणीकडे कोकणात गेले. देण्यास आम्ही स्वतः गेलो होतो. तिने आपल्या वाट्याच्या सोन्याची एक नवी ठुशी करवून घेतली आहे. पूर्ण घडणावळ देऊन, एक पैसाही कमी करावयास न सांगता. काम सुबक आहे, आणि तिला ती शोभते. आम्ही तसे म्हटले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “छान आहे. सोनाराने मन लावून केली आहे. पण आजीची ती जरा डावीकडे कलायची. ही सरळ बसते.” मग तिने घड्याळ कानाशी धरले, आणि मुलांना गप्प बसण्याची खूण केली.